विषयांतर म्हणून खोडलेलं वाक्य

आदरणीय बाई, स. न. वि. वि.

ऐरोलीतल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी सहा वर्षं इतिहास-भूगोल शिकवते आहे. आठवीची एक आणि नववीच्या दोन तुकड्या, मिळून १६२ मुलं. तोंडी विचारलं तर मुलं बोलतात, एकमेकांशी भांडतातसुद्धा. लिहायला सांगितलं की गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं वहीत येतं. 'स्वतःच्या शब्दांत लिहा' म्हटलं तर चार ओळी, त्याही 'खूप महत्त्वाचे आहे'वर संपणाऱ्या. मुख्याध्यापक म्हणतात, लेखन हे मराठीच्या बाईंचं काम, तुम्ही पोर्शन संपवा. पालक म्हणतात, उत्तरं लिहून द्या, क्लासमध्ये देतात. एवढ्या वह्या तपासायच्या कधी आणि लिहायला शिकवायचं कधी? सोबत नववीतल्या एका मुलीच्या उत्तराची झेरॉक्स पाठवते आहे.

– एक शिक्षिका, ऐरोली


प्रिय बाई,

झेरॉक्स दोनदा वाचली. तुम्ही वर्गात दिलेला प्रश्न 'नवी मुंबई शहर का वसवण्यात आले?' असा आहे. मुलीचं उत्तर सहा वाक्यांचं आहे. सदर वाचणाऱ्यांसाठी ते इथे उतरवते (सिडको म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ):

'मुंबईवरील लोकसंख्येचा ताण कमी करण्यासाठी नवी मुंबई वसवण्यात आली. १९७० साली सिडकोची स्थापना करण्यात आली. त्यासाठी जमिनी संपादित करण्यात आल्या. आमच्या घराच्या मागे पूर्वी मिठागर होते असे बाबा म्हणतात. सिडकोमुळे विकासाला चालना मिळाली. अशा प्रकारे नवी मुंबई हे खूप महत्त्वाचे शहर आहे.'

चौथ्या वाक्यावर तुमची लाल रेघ आहे आणि बाजूला 'विषयांतर'. तीनपैकी दोन गुण.

रागावत नाही. मी याहून वाईट केलंय. नोकरीचं पहिलं की दुसरं वर्ष असेल. ठाण्यातल्या ज्या शाळेत मी होते तिथली रीत अशी होती की धडा झाला की प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहायची आणि मुलांनी ती वहीत उतरवायची. सालबाईच्या तहाचं उत्तर लिहून देताना मी १७८२ च्या जागी १८८२ लिहिलं. सहामाहीला ४८ पैकी ४६ पेपरांत १८८२ आलं. उरलेली दोघं त्या दिवशी गैरहजर होती. या तहाने साष्टी बेट इंग्रजांकडेच राहिलं, आणि आमची शाळा त्याच बेटावर उभी होती. पण मला झोंबलं ते वेगळंच. त्याच पेपरात पुढे पेशवाई १८१८ मध्ये संपल्याचं याच मुलांनी बिनचूक लिहिलं होतं. म्हणजे पेशवाई संपून चौसष्ट वर्षं झाल्यावर मराठ्यांनी इंग्रजांशी तह केला, आणि ४६ मुलांपैकी एकाच्याही हाताला तो लिहिताना कंप सुटला नाही. हुशार मुलं होती हो. त्यांनी ते वाचलंच नव्हतं, फक्त लिहिलं होतं.

तेव्हापासून माझं मत असं झालं की मुलांना लिहिता येत नाही ही तक्रार अर्धवट आहे. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर लिहिण्यासारखं त्यांच्यापाशी उरतं काय? 'स्वतःच्या शब्दांत लिहा' या हुकमाने त्यात काही भर पडत नाही. मूल गाईडमधलं 'प्रारंभ झाला' काढून 'सुरू झाले' लिहितं. शब्द त्याचे झाले, वाक्य गाईडचंच राहिलं. त्याचे शब्द मागू नका, त्याचा पुरावा मागा. त्यासाठी आपल्या भाषेत एक छान, थोडासा भांडखोर शब्द आहे: कशावरून?

चेंदणी कोळीवाड्यातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. ठाण्याच्या खाडीवर परिच्छेद लिहायला सांगितला तेव्हा त्याने लिहिलं, 'खाडीचे प्रदूषण खूप वाढले आहे. त्यामुळे मासेमारीवर परिणाम झाला आहे.' दोन्ही वाक्यं बरोबर, आणि दोन्ही कुणाचीही असू शकतील अशी. मी बाजूला लिहिलं, 'कशावरून?' दुसऱ्या खेपेला आलं, 'माझी आजी म्हणते की आता मासे कमी मिळतात.' पुन्हा 'कशावरून? कमी म्हणजे किती, कधीपासून?' तो वैतागला. आजीला रोज छळतोय म्हणाला. तिसऱ्या खेपेला त्याने जे आणलं ते मला आजही जवळजवळ पाठ आहे:

'आजीचं लग्न झालं तेव्हा आजोबा खाडीतूनच निवट्या आणि कोळंबी आणायचे. आता आजी पहाटे मुंबईच्या धक्क्यावरून मासे आणते आणि चेंदणीत विकते. म्हणजे मासे विकणं थांबलं नाही, पण मासे कुठून येतात ते बदललं. हे फक्त पाणी खराब झालं म्हणून झालं का, ते आजीला नक्की सांगता येत नाही. ती म्हणते, आधी पूल झाले, मग पाणी काळं झालं.'

शेवटची दोन वाक्यं बघा. आधी काय आणि मग काय हे आजीला माहीत आहे. पण आधी घडलं म्हणून तेच कारण, असं त्या पोराने परस्पर ठरवून टाकलं नाही. हे मी शिकवलेलं नव्हतं. दोनदा 'कशावरून' म्हटल्यावर ते आपोआप आलं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या, त्यांतल्या दहा मी तशाच सोडल्या. अकरावी चूक आजीच्या गावाच्या नावाची होती, ती मात्र दुरुस्त करून घेतली. नावं आणि सालं यांत मी सूट देत नाही, बाकी ऱ्हस्व-दीर्घ नंतर.

आता थोडं आपल्या विषयाच्या मराठीबद्दल, कारण निम्मी गोम तिथे आहे. तुमच्या विद्यार्थिनीचं उत्तर परत वाचा. वसवण्यात आली, स्थापना करण्यात आली, संपादित करण्यात आल्या. पहिल्या तीन वाक्यांत कर्ताच नाही. शहर वसलं, संस्था निघाली, जमिनी गेल्या, आणि हे सगळं करणारा माणूस कुठेच नाही. हा दोष मुलीचा नाही. आपली पुस्तकं, आपली गाईडं, आपले सरकारी कागद सगळे याच भाषेत बोलतात, आणि मुलांना वाटतं की इतिहास म्हणजे 'करण्यात येणं'. मी नववीच्या मुलांकडून एक खेळ करून घ्यायचे. धड्यातलं एक पान घ्यायचं, त्यातल्या प्रत्येक 'करण्यात आले'खाली पेन्सिलने रेघ मारायची आणि वाक्य कर्ता घालून परत लिहायचं. कर्ता सापडला नाही तर प्रश्नचिन्ह काढायचं.

तुमच्या मुलांना 'जमिनी संपादित करण्यात आल्या' एवढं एकच वाक्य द्या. कोणी केल्या? कोणाकडून? कोणत्या गावांच्या? काय भाव देऊन? शोधायला लागली की त्यांना कळेल की १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर आखलं गेलं, शेतकरी मोबदल्यासाठी उभे राहिले, दि. बा. पाटलांनी त्यांचं नेतृत्व केलं, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा जीव गेला, आणि त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. एका 'करण्यात आल्या'च्या पोटात एवढं सगळं बसलेलं होतं. आणि ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरण्यातल्या कितीतरी घरांत हे आजही जेवताना बोललं जातं. तुमच्या वर्गात अशा घरांतली मुलं नक्की आहेत. त्यांना वाटतं की ते घरचं आणि हे शाळेचं.

इथे एक सावधगिरी. वर्गात एकाचे आजोबा प्रकल्पग्रस्त, दुसऱ्याचे वडील सिडकोत कामाला, तिसऱ्याचं कुटुंब साताऱ्याहून येऊन सिडकोच्याच घरात राहतंय, असं असणार. तिघांचंही लिखाण वर्गात वाचून दाखवा. कोण बरोबर याचा निकाल तुम्ही लावू नका. प्रत्येकाला एवढंच विचारा की दुसऱ्याने लिहिलेल्यातलं कोणतं वाक्य तुझ्या म्हणण्याला अडचणीचं आहे, आणि त्या वाक्याचं तू काय करणार? मुलं आधी गप्प होतात. मग कुणीतरी 'तरीही'ने सुरू होणारं वाक्य लिहितं. तो दिवस डायरीत नोंदवून ठेवा.

'तरीही' म्हटल्यावर रेल्वे आठवली. ठाण्यात शिकवणाऱ्याला १६ एप्रिल १८५३ टाळता येत नाही. मुलांचं ठरलेलं उत्तर असतं, 'भारतातील पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदर ते ठाणे धावली. त्यामुळे दळणवळण वाढले, व्यापाराला चालना मिळाली.' मी एकदा काय केलं, कागदाच्या चिठ्ठ्या केल्या आणि चार-चार मुलांच्या गटाला एकेक संच दिला. एका चिठ्ठीवर: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी. दुसरीवर: १८५४, गाडी कल्याणला पोचली. तिसरीवर: १८६३, बोरघाटातून रेल्वे वर चढली. चौथीवर: दख्खनचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरून बंदरात येई. पाचवीवर: इंग्लंडातल्या गिरण्यांना कापूस हवा होता. सहावीवर: १८५३ मध्येच गव्हर्नर जनरल डलहौसीने रेल्वे का हवी याचं टिपण लिहिलं, त्यात सैन्य हलवण्याची सोय आणि व्यापार ही दोन्ही कारणं होती. सातवीवर: १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध, तिकडचा कापूस अडला, मुंबईत कापसाला सोन्याचा भाव. आणि प्रश्न एकच: रेल्वे ठाण्याला आली, की ठाण्यावरून पुढे निघाली होती?

ठाणेकर मुलांचा अभिमान दुखावणारा प्रश्न आहे, म्हणूनच चालतो. चिठ्ठ्या बाकावर मांडायच्या आणि दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये खडूने जोडशब्द लिहायचा: म्हणून, तरीही, त्याआधीच, त्याच सुमारास. एका गटातल्या मुलाने ऐटीत अमेरिकेचं युद्ध पहिलं ठेवलं, पुढे 'म्हणून' लिहिलं आणि त्यापुढे १८५३ ची गाडी. शेजारच्या गटातली मुलगी उठून आली, दोन चिठ्ठ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, 'अरे, युद्ध व्हायच्या आधीच गाडी आली का तुझी?' सगळा वर्ग हसला. त्या मुलाने 'म्हणून' पुसला, युद्धाची चिठ्ठी उचलून बोरघाटाच्या शेजारी ठेवली आणि मध्ये 'त्याच सुमारास' लिहिलं. सालबाईच्या त्या ४६ पेपरांत जे झालं नव्हतं ते इथे एका मिनिटात झालं. लिहिण्याआधी हात हलवायला मिळाले पाहिजेत. चिठ्ठ्यांची मांडणी झाल्यावर परिच्छेद लिहायला मुलांना जेमतेम दहा मिनिटं लागली, कारण वाक्यांचा क्रम आणि सांधे आधीच बाकावर होते.

सामग्री कुठून आणायची, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. घरून. जुना सातबारा, आजोबांच्या कंपनीचं ओळखपत्र, रेशनकार्ड, पहिल्या भाड्याच्या खोलीची पावती. अस्सल कागद शाळेत आणू द्यायचा नाही, झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो. सातबारावरून भाऊबंदकी चालू असते, म्हणून नावं झाकून. एका मुलीने आईच्या माहेरचा, उरणकडचा कागद आणला होता. त्यावर 'जिल्हा कुलाबा' होतं. ती म्हणाली, बाई, हा कागद चुकीचा आहे, उरण तर रायगडमध्ये येतं. कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं हे मी लगेच सांगितलं नाही. 'कागद चुकीचा कशावरून?' म्हणून तिलाच शोधायला पाठवलं. दोन दिवसांनी आली ती वाचनालयातून थेट माझ्या घरीच, चप्पल काढायच्या आधी बोलायला लागली.

ज्यांची इथे जमीनबिमीन नाही त्यांच्याकडे येण्याची गोष्ट असते: कधी आलो, का आलो, आधी कोणाकडे उतरलो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लागलेले आजोबा, नंतर बंद पडलेला कारखाना, मग रिक्षा. हा आर्थिक विकासाचा धडाच आहे, फक्त त्याला घरचा वास आहे.

मोबाइलला विचारून आणलेली उत्तरं हल्ली गाईडपेक्षा गुळगुळीत असतात, हे मलाही दिसतं. त्याच्यावर ओरडण्यात वेळ घालवू नका. प्रश्नात आजी घातली की मोबाइल निम्मा बाद होतो.

भाषेचं एक. आगरी घरातला मुलगा पहिल्या खर्ड्यात 'आमची जमीन जेली' लिहील, उत्तर प्रदेशातून आलेली मुलगी निम्मं हिंदी लिहील. पहिला खर्डा तसाच घ्या. आजीचं बोलणं अवतरणचिन्हांत तिच्याच बोलीत राहू द्या, तो पुरावा आहे, त्याला प्रमाण मराठीची इस्त्री करायची नाही. मुलाचं स्वतःचं म्हणणं मात्र दुसऱ्या खर्ड्यात प्रमाण मराठीत यायला हवं, कारण पेपर तपासणारा त्याच्या आजीला ओळखत नाही. हा फरक आठवीच्या मुलांना नीट कळतो. शिक्षकांनाच तो समजावून सांगावा लागतो असा माझा अनुभव आहे.

आणि मुलं म्हणाली की एवढ्याशा वयात आम्ही काय लिहिणार, तर त्यांना मुक्ता साळवेबद्दल सांगा. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी ही मुलगी चौदाएक वर्षांची असताना मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. म्हणजे तुमच्या आठवी-नववीचंच वय. जे रोज डोळ्यांसमोर होतं ते तिने मांडलं आणि त्यावरून धर्माला, समाजाला सरळ प्रश्न विचारले. वर्गात त्याचा उतारा वाचाच. पण 'थोर निबंध' म्हणून वाचू नका. ती कुठे 'कशावरून'चं उत्तर देते आहे ते शोधायला लावा.

आता १६२ वह्या. सगळ्या तपासू नका. एका तुकडीत साधारण ५४ मुलं, म्हणजे नऊ-नऊच्या सहा रांगा. दर आठवड्याला प्रत्येक तुकडीची एकच रांग घ्यायची. तीन तुकड्यांच्या मिळून २७ वह्या झाल्या. प्रत्येकीत एकच परिच्छेद, आठ-दहा ओळींचा. एका वहीला दोन-अडीच मिनिटं धरली तरी तासाभराचं काम, दोन ऑफ तासांत बसतं. बाकीची मुलं त्याच दिवशी शेजाऱ्याशी वही बदलतील आणि शेजारी पेन्सिलने जिथे हवं तिथे 'क?', म्हणजे 'कशावरून?', लिहील. मुलं एकमेकांना आपल्यापेक्षा जास्त छळतात, काळजी करू नका. तुम्हीही वहीत दोनच खुणा करायच्या: जिथे पुरावा हवा तिथे 'क?', आणि जे वाक्य त्या मुलाशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं त्याखाली सरळ रेघ. शेरा नाही, 'छान' नाही, 'सुधारणा हवी' नाही. मी तीस वर्षं 'सुधारणा हवी' लिहिलं आणि एकाही मुलाने मला विचारलं नाही की कोणती.

प्रत्येक मुलाची पाळी सहा आठवड्यांनी येईल. कमी वाटतं ना? आत्ता वर्षभरात एका मुलाचं लिखाण तुम्ही किती वेळा खरोखर वाचता ते मोजून बघा. सही करणं वेगळं.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासातली शेवटची सात मिनिटं लेखनाला ठेवा आणि पोर्शन वेळेत संपवा, म्हणजे त्यांना बोलायला जागा राहणार नाही. मराठीच्या बाईंना मात्र एकदा चहाला घेऊन जा. परिच्छेद कुठे तोडायचा हे त्या आपल्यापेक्षा चांगलं शिकवतील. पण १८६१ चं युद्ध १८५३ चं कारण होऊ शकत नाही हे त्यांच्या तासाला कोण सांगणार? ते आपल्यालाच बघावं लागतं.

पालकसभेत गुणांच्या भाषेत बोला. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा, भूगोलाचा ४०, आणि अंतर्गत मूल्यमापन २०. इतिहासाच्या पेपरात 'पुढील विधाने सकारण स्पष्ट करा' असा प्रश्न असतो. सकारण म्हणजे काय? विधान तर प्रश्नातच दिलेलं आहे. मागितलंय ते कशावरून. क्लासमधलं उत्तर पाठ केलेल्या मुलाला तेच विधान थोडं फिरवून आलं की घाम फुटतो, हे पालकांनाही ठाऊक असतं, घरी सराव घेताना त्यांनी ते पाहिलेलं असतं.

गाईड जाळायला सांगत नाही. तपासनिसाला अपेक्षित मुद्दे असतात आणि ते मुलांना यायलाच हवेत, इथे आदर्शवाद करून मुलांचे गुण घालवण्याचा आपल्याला अधिकार नाही. उलट गाईडमधलं एक उत्तर फळ्यावर लिहा आणि पूर्ण वर्गाला ते तपासायला लावा. प्रत्येक वाक्यापुढे 'कशावरून?' ज्याला पाठ्यपुस्तकात आधार सापडेल ते वाक्य राहील, ज्याला सापडणार नाही ते खोडायचं. 'अनन्यसाधारण महत्त्व', 'मोलाचा वाटा', 'चालना मिळाली' ही मंडळी सगळ्यात आधी बाहेर पडतात. माझ्या वर्गात एका मुलाने अशा शब्दांना 'पाहुणे' म्हणायला सुरुवात केली होती. आले, बसले, चहा प्यायले, गेले, काम काही केलं नाही. पुढे वह्या बदलताना मुलं एकमेकांच्या वहीत 'पाहुणा' लिहायला लागली. मला तो शब्द कधी सुचला नसता.

सुरुवातीचे तीन-चार आठवडे वाईट जातील. जी मुलं आज गाईड उतरवून तीनपैकी तीन घेतात ती आधी बिथरतील, कारण त्यांची मेहनत अचानक बिनकामाची ठरते. त्यांना वेगळं बोलवून सांगा की पाठांतर वाया गेलेलं नाही, सालं आणि नावं तोंडावर असलेल्या मुलालाच चिठ्ठ्या पटापट लावता येतात. मागच्या बाकावरची, तोंडी भांडणारी मुलं मात्र इथे एकदम पुढे येतील. त्यांतला एखादा तुम्हाला उलट विचारेल, 'बाई, तुम्ही सांगता ते तरी कशावरून?' विचारू द्या. मला तो प्रश्न वेळेवर कुणी विचारला असता तर १८८२ फळ्यावरच पुसला गेला असता.

आता त्या मुलीची वही. उद्या तिला परत बोलवा. लाल रेघ पांढऱ्या शाईने झाका किंवा 'बाईंची चूक' असं लिहून सही करा, मुलांना ते फार आवडतं. मग मिठागराच्या वाक्याखाली सरळ रेघ मारा आणि बाजूला लिहा: कोणाचं होतं? कोण काम करायचं? मीठ कुठे जायचं? कधी बंद झालं, सिडकोच्या आधी की नंतर? आणि तिसऱ्या वाक्यातल्या 'संपादित करण्यात आल्या'पासून या वाक्यापर्यंत एक बाण काढा, कारण तिने न कळत ही दोन वाक्यं शेजारी ठेवली आहेत आणि मध्ये जोडशब्द घालायचा राहिला आहे. कोणता ते तिलाच ठरवू दे.

बाबांना सगळं माहीत नसेल, त्यांना त्यांच्या आईला किंवा काकांना विचारावं लागेल, आणि ते गावाला असतील तर फोन लागेपर्यंत दोन दिवस जातील. तेव्हा बुधवारची मुदत देऊ नका, पुढच्या सोमवारची द्या.